ब्रेक मॅडमची गिटार

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना समोर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे ब्रेक मॅडम. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, अडीअडचणीला वापरायचा. मॅडमचा पाय त्यावरून कधी उठलाच नाही. शिकणाऱ्याने आरशात बघायच्या आत त्यांनी बघितलेलं असे, त्याने विचार करायच्या आत गाडी थांबलेली असे, आणि मग शांत आवाजात प्रश्न येई, "डोळे घरी ठेवून आलात का?" त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस परीक्षेत सहसा नापास होत नसे, हे खरं. पण लायसन्स मिळाल्यावर त्यांना भेटायला कोणी परत येत नसे, हेही खरं.

मनाने बाई वाईट नव्हत्या. कोणाच्या घरी आजारपण आलं तर शिकवणी बाजूला ठेवून त्या स्वतः गाडी काढून दवाखान्यात नेऊन सोडत. फक्त रस्ता कोणाला माफ करत नाही, तर मी का करू, असा त्यांचा हिशेब होता. गाडी चालवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. आपल्यालाही एखादी गोष्ट येत नव्हती असा काळ होता, हे त्या पार विसरून गेल्या होत्या.

अशा बाईंचा पाय मोडला, आणि तोही नेमका ब्रेकचा. गाडीत नव्हे, रस्त्यावरही नव्हे. स्वतःच्या इमारतीच्या जिन्यात, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना, शेवटची पायरी संपली असं समजून त्यांनी पाऊल टाकलं आणि पायरी अजून शिल्लक होती. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि प्लॅस्टर निघेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. स्कूलमध्ये ही बातमी पोचली तेव्हा ब्रेक फेल झाला एवढंच कोणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी हसू दाबत फाटकापर्यंत जाऊन ते पूर्ण केलं.

घरात दोघंच, त्या आणि त्यांचे यजमान. यजमान चष्म्याच्या दुकानात कामाला होते. भिंग घासून चौकटीत बरोबर बसवायचं, असं सगळं नजरेचं आणि सबुरीचं काम. माणूस मितभाषी. मॅडम सोफ्यावर पाय वर करून बसत आणि तिथून घर चालवत. कपडे वाळत कसे घालायचे, टोमॅटो कसा चिरायचा, दार लावताना कडी आधी की कुलूप आधी, सगळ्याच्या सूचना सोफ्यावरून सुटत. यजमान "बरं" म्हणत आणि आपल्या पद्धतीनेच करत. सकाळी दुकानाला निघताना त्यांचं पाऊल जरा जास्तच हलकं पडतं, हे मॅडमच्या लक्षात आलं होतं.

यजमान गेले की दिवस खायला उठे. मग मॅडम दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लावत. ती मीटिंगमध्ये असली तरी लावत. शेवटी लेकीने एक दिवस सांगितलं, "आई, माझ्या खोलीत कपाटावर गिटार आहे. ती खाली काढ."

ती गिटार लेकीने कॉलेजात असताना हौसेने घेतली होती. हौस लवकर फिटली आणि गिटार कपाटावर गेली ती गेलीच. आता लेकीने आईचं नाव एका ऑनलाइन क्लासमध्ये घालूनही टाकलं होतं. या वयात मी काय गिटार वाजवणार, लोक हसतील, असं मॅडमनी म्हणून पाहिलं. तिथे वय विचारत नाहीत, इंटरनेट आहे का एवढंच विचारतात, असं म्हणून लेकीने फोन ठेवला.

यजमानांनी गिटार उतरवली, फडक्याने पुसली आणि नव्या तारा बसवून आणल्या. ठरल्या संध्याकाळी मॅडम लॅपटॉपसमोर बसल्या. पडद्यावर चौकोन उघडत गेले. एका चौकोनात दाताच्या डॉक्टरीणबाई, दवाखाना आटोपून थेट बसलेल्या. दुसऱ्यात एक तरुण आई, गिटारीच्या आणि तिच्या मधे तिचं बाळ. तिसऱ्यात एक निवृत्त पोस्टमास्तर होते म्हणे, पण त्यांचा कॅमेरा असा काही लावलेला की फक्त कपाळ आणि पंखा दिसायचा. आणि मधल्या चौकोनात सर. सर म्हणजे लेकीच्या वयाचा पोरगा, केस मागे बांधलेले, बोलणं असं की जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय.

मॅडमची समजूत होती की पहिल्याच दिवशी एखादं गाणं हाती येईल. सरांनी सगळा वेळ गिटार धरायची कशी आणि तारा सुरात लावायच्या कशा यात घालवला. फोनवर एक ॲप होतं. तार छेडली की त्यात काटा हले आणि सूर जुळला की हिरवा होई. ते मात्र मॅडमना आवडलं. काटा म्हणजे ओळखीची गोष्ट. हिरव्यात आला की आला, वाद नाही.

खरा वाद पुढे सुरू झाला. डाव्या हाताची बोटं तारांवर दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, की त्या बोटांच्या मांडणीचा एक कॉर्ड वाजतो. ऐकायला सोपं. मॅडमनी दाबलं तर बोटांची टोकं कापल्यासारखी झाली, आणि आवाज असा आला की स्वयंपाकघरातून यजमानांनी विचारलं, काही पडलं का. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मग सुरू झालं. गिटार जुनी आहे. खुर्चीला हात आहेत, ते मधे येतात. प्लॅस्टरमुळे बसता येत नाही. पिक, म्हणजे तारा छेडायची ती प्लॅस्टिकची चकती, हातातून निसटते. एके दिवशी पिक गिटारीच्या पोटात पडली, आणि गिटार उलटी करून कितीही हलवली तरी आत खुळखुळत राहिली. संध्याकाळी यजमानांनी काही न बोलता खिशातून एक नवी पिक काढून दिली. चष्म्याच्या जुन्या भिंगातून त्यांनी ती कापली होती, कडा घासून अशी गुळगुळीत केली होती की बोटांत आपोआप बसत होती. मॅडमनी ती उजेडात धरून पाहिली. तिच्यातून समोरची भिंत थोडी मोठी दिसत होती.

एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मात्र घोडं पेंड खात होतं. बोटं उचलायची, हवेतच मांडणी बदलायची आणि ताल न चुकवता पुन्हा खाली ठेवायची. मॅडमची बोटं तिथे येऊन अडायची. सर सगळ्यांना सराव करायला सांगत आणि तेवढा वेळ आपापले माइक बंद ठेवायला सांगत. असाच एकदा सराव चालू होता. मॅडम आपल्या बोटांना वळण लावत होत्या, वळण लावायची जी एकमेव भाषा त्यांना येई त्या भाषेत. "क्लच दाब. दाबलास? आता गिअर. बघू नको, बघू नको खाली, रस्त्यावर बघ. आता सोड क्लच. हळू. अगं हळू, म्हैस आहेस का?" असं बराच वेळ चाललं. मग त्यांनी वर पाहिलं तर डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या, तरुण आईचं बाळ खिदळत होतं, आणि पोस्टमास्तरांचं कपाळ गदगदा हलत होतं. माइक चालूच राहिला होता.

मॅडमना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरही हसत होते, पण हसून झाल्यावर त्यांनी खरोखरच मनापासून विचारलं, की हे पुन्हा एकदा सावकाश सांगाल का. बोटं उचलायची तो क्लच, नवी मांडणी तो गिअर, टेकवायची ते क्लच सोडणं. सगळ्यांनी करून पाहिलं. दाबा, बदला, सोडा. डॉक्टरीणबाईंचा अडलेला कॉर्ड त्या दिवशी सुटला. तेव्हापासून त्या क्लासमध्ये कोणी अडलं की बाकीचे "क्लच, क्लच" म्हणायला लागले, आणि ज्या संध्याकाळी क्लास असे त्या संध्याकाळी मॅडम घड्याळाकडे बघत बसायला लागल्या.

मधे सर आजारी पडले आणि एक दिवस त्यांच्या जागी त्यांच्या ओळखीचे दुसरे शिक्षक आले. माणूस हाताने तयार होता, वाजवायला लागला की ऐकत राहावं. एकेकाला त्यांनी एक सोपी धून वाजवायला सांगितली. मॅडमनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच सुराला ते म्हणाले, थांबा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबा. बोट नुसतं चुकीच्या तारेकडे वळलं तरी थांबा. शेवटी त्यांनी शांत आवाजात विचारलं, "कान बंद करून बसलात का?"

मॅडमची बोटं थिजली. घरी बसून रोज वाजवलेली धून, ती कुठून सुरू होते तेसुद्धा आठवेना. नेट गेलं असं सांगून त्यांनी लॅपटॉप मिटला आणि तशाच बसून राहिल्या. यजमान दुकानातून आले तेव्हा दिवाही लावलेला नव्हता. त्यांनी दिवा लावला, चहा केला आणि समोर येऊन बसले. मग मॅडमचा बांध फुटला.

"तो माणूस मला एक ओळ पुरी वाजवू देत नव्हता," त्या म्हणाल्या. "चुकायच्या आधीच थांबवत होता. मग माझी बोटं हलणार कशी?"

यजमान कपातला चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"अगं," ते म्हणाले, "हे तू मला सांगतेयस?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना आधी कळलं नाही, आणि मग कळलं तेव्हा एकदमच कळलं. शेजारच्या सीटवर आजवर बसून गेलेली माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक जायला लागली. घामाने ओले झालेले हात. स्टिअरिंगवर पांढरी पडलेली बोटं. चहा गार झाला.

"मी एवढी वाईट आहे?" त्यांनी विचारलं.

"वाईट नाहीस. घाईची आहेस. तुझा पाय आधी पडतो आणि विचार मागून येतो."

त्यावर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, जिन्यातही तसंच झालं होतं. दोघांनाही हसू आलं, आणि त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

पुढच्या क्लासला आपले सर परत आले. मॅडमनी त्यांना आधीच सांगून टाकलं, की आज मी चुकत चुकत का होईना पण शेवटपर्यंत वाजवणार, मधे कोणी बोलायचं नाही. सर म्हणाले, मी कधी बोललो होतो. हेही खरंच होतं. मॅडमनी धून वाजवली. दोनदा तार कुरकुरली, एकदा ताल पुढे पळाला आणि त्याला मागे आणावं लागलं, पण धून सुरू झाली तशी संपलीही. शेवटचा सूर खोलीत रेंगाळत राहिला आणि मॅडमना वाटलं, हा आपण काढला. पडद्यावर सगळे टाळ्या वाजवत होते. माइक बंद असल्याने आवाज नव्हता, नुसते हलणारे हात.

प्लॅस्टर निघालं. पाय बारीक झाला होता, पण चालत होता. मॅडम कामावर गेल्या. त्यांच्या वाट्याला पहिलीच आली ती एक नर्स. ही मुलगी दुसऱ्या एका शिक्षकाकडे शिकून परीक्षेत चढावर नापास झाली होती. चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढायची म्हटली की क्लच कुठला आणि ब्रेक कुठला तेच तिला सुचायचं नाही, आणि त्यात आता ब्रेक मॅडम. ती गाडीत बसली तीच रडवेल्या चेहऱ्याने.

स्कूलच्या मागे सरावाचं मोकळं मैदान होतं, त्यात एक छोटा चढ बांधलेला. मॅडमनी तिथे गाडी न्यायला सांगितली. मग आपले दोन्ही पाय मागे, सीटखाली ओढून घेतले. हे त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. नर्सने क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि मागे घरंगळायला लागली. मागे कोणी नव्हतं, मैदान रिकामं होतं. तरी मॅडमनी सीटबेल्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तोंड मिटून ठेवलं. अर्ध्या चढावर नर्सला तिचा स्वतःचा ब्रेक सापडला.

"चुकलं," नर्स म्हणाली आणि प्रश्नाची वाट बघत राहिली.

"चुकलं," मॅडम म्हणाल्या. "पण थांबवलीस तू. आता पुन्हा."

मग त्यांनी तिला बोटांनी डॅशबोर्डवर ताल धरून दाखवला. घाईघाईने क्लच सोडायचा नाही, चार ठोके मोजत सोडायचा, आणि ठोके मोजताना पायाकडे बघायचं नाही. नर्सने ओठांतल्या ओठांत मोजलं. गाडी हुंदका देऊन पुढे सरकली आणि चढ चढून गेली. वर पोचल्यावर नर्स इतकी हसायला लागली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. स्कूलच्या मालकांनी ऑफिसच्या खिडकीतून हे सगळं पाहिलं आणि संध्याकाळी मॅडमना काळजीने विचारलं, की डॉक्टरांनी गोळ्या कसल्या दिल्यात.

नर्स पास झाली, आणि परत आली. ड्युटी संपवून, तशीच गणवेशात, हातात फुलं घेऊन. मॅडमना ती कुठे ठेवायची ते सुचेना, कारण ऑफिसात फुलदाणी कधी लागलीच नव्हती. शेवटी पाण्याच्या जगमध्ये ठेवली.

काही महिन्यांनी सरांनी सगळ्या विद्यार्थ्यांना आपल्या गावी बोलावलं. फर्निचरच्या दुकानावर एक छोटा हॉल होता, तिथे प्रत्येकाने एकेक गाणं वाजवायचं. मॅडमनी गाडी काढली, मागच्या सीटवर गिटार आडवी ठेवून तिलाही पट्टा लावला, आणि यजमान शेजारी बसले. हॉलमध्ये शिरल्यावर पहिला गोंधळ उडाला तो ओळखीचा. चौकोनातली माणसं अंगापिंडाने समोर उभी राहिली तर ओळखू येईनात. डॉक्टरीणबाई मॅडमच्या खांद्याला लागत होत्या. एक भरघोस मिशांचे गृहस्थ सगळ्यांना जुन्या मैत्रीने हात करत होते आणि कोणालाच त्यांचा पत्ता लागत नव्हता. मग त्यांनी मान खाली घातली, कपाळ पुढे केलं, आणि हॉलभर एकच हशा झाला. पोस्टमास्तर.

मॅडमची पाळी मधेच कुठेतरी आली. त्यांनी लहानपणी रेडिओवर ऐकलेलं एक साधं गाणं निवडलं होतं. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी बोटं उचलली गेली आणि हवेतच राहिली. कुठे ठेवायची तेच आठवेना. समोर सर होते, ते हललेसुद्धा नाहीत, नुसते बघत राहिले. मॅडमनी एक श्वास घेतला आणि माइकमध्ये म्हणाल्या, "गाडी बंद पडली. पुन्हा सुरू करते."

लोक हसले. त्या हशातच त्यांनी बोटं ठेवली आणि ती बरोबर जागी पडली. दुसऱ्या कडव्यापासून लोक म्हणायला लागले. त्यांत सगळ्यांत मोठा आवाज यजमानांचा होता, आणि तो सुरात नव्हता. गिटार एकीकडे, यजमान दुसरीकडे, असं ते गाणं शेवटाला गेलं. मॅडमना त्याआधी कधी इतक्या लोकांनी एकदम टाळ्या दिल्या नव्हत्या. खाली उतरताना त्यांनी पायऱ्या नीट बघितल्या.

परतीच्या वाटेवर यजमानांच्या तोंडाशी काहीतरी येऊन परत जात होतं. पेट्रोल भरायला थांबले तेव्हा ते म्हणाले, "मला शिकवशील?"

मॅडमना वाटलं, गिटार. पण ते स्टिअरिंगकडे बघत होते. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईच्या नवऱ्याला गाडी येत नव्हती. लग्नानंतर नव्या नवलाईत मॅडमनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी, एका चौकात, यजमानांनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं, आणि ते चालत घरी गेले. त्यानंतर तो विषय दोघांनीही कधी काढला नव्हता. सगळा संसार असाच झाला, त्या चालवत आणि ते शेजारी.

"आत्ता?" मॅडमनी विचारलं.

"आत्ता नको. अंधार पडेल. रविवारी."

रविवारी सकाळी बाजारामागचं आवार रिकामं असतं. यजमानांनी चष्म्याची भिंगं पुसली, आरसे लावून घेतले, ते पुन्हा लावून घेतले, आणि चावी फिरवली. गाडी एक उडी मारून बंद पडली. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, हात मांडीवर. पुन्हा चावी. पुन्हा उडी. तिसऱ्यांदा गाडी जी निघाली ती बैलगाडीच्या चालीने आवारभर फिरली. वळणावर यजमानांनी रिकाम्या आवारात इंडिकेटर दिला आणि हातानेही खूण केली, कारण चष्मेवाला माणूस, एका गोष्टीवर विसंबणारा नव्हे. फेरी पुरी झाली. त्यांनी गाडी थांबवली, कपाळ पुसलं आणि जागेवरून उठायचं नाव घेतलं नाही.

"अजून एक," ते म्हणाले.

दुकानं उघडायची वेळ होईपर्यंत दोघं आवारात गोल गोल फिरत राहिले.

आता यजमान स्वतः गाडी घेऊन दुकानात जातात, बहुतेक वेळा दुसऱ्या गिअरमध्ये. सुट्टीच्या दिवशी दोघं बाहेर पडतात तेव्हाही स्टिअरिंगवर तेच असतात. मागे गाड्यांची रांग लागते, हॉर्न वाजतात, कोणी डोकं बाहेर काढून काहीबाही बोलतं. यजमान आपला वेग सोडत नाहीत. आणि शेजारी बसलेल्या मॅडम काच खाली करतात, हात बाहेर काढतात आणि मागच्यांना खुणेने सांगतात, की तुम्हाला घाई असेल तर तुम्ही पुढे जा बाबा.